एस्टिमेट लिहून द्या

अपघाताचा पेशंट घेऊन कॅज्युअल्टीत गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो डिपॉझिटचा. भेदरलेली माणसं त्यालाच खर्चाचा अंदाज समजतात. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी काउंटरवर ५०,००० मागितले तेव्हा आमच्या आप्पांनी मनात हिशेब मांडला, की पंचाहत्तर हजारांत भागेल, फार तर लाख. हातात आलेलं पहिलं बिल ३,९०,७०० रुपयांचं होतं. एवढा फरक का पडला, त्यातला कोणता भाग आधी सांगता आला असता आणि कोणता खरंच कुणालाच सांगता आला नसता, हे मी नंतर एकेक कागद लावून पाहिलं. मी एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघते, त्यामुळे कागद जपायची सवय आहे. हे लिहिण्यामागे एवढंच, की असा प्रसंग कुणाच्याही घरावर येऊ शकतो आणि तेव्हा कुणाला काय विचारायचं हे ठाऊक नसतं.

भाऊ कंपनीतून दुसऱ्या पाळीनंतर मोटारसायकलवरून घरी निघाला होता. खंबाटकी घाटाच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने उडवलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण उजव्या मांडीचं हाड मोडलं, कोपर सोलवटून निघालं आणि बराच वेळ तो असंबद्ध बोलत होता. रस्त्यावरच्या लोकांनी १०८ ला फोन केला आणि त्या गाडीने त्याला महामार्गालगतच्या एका छोट्या दवाखान्यात पोहोचवलं. १०८ चे पैसे लागत नाहीत, ही सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे. तरी खेड्यातली बरीच माणसं अजून बिलाच्या भीतीने ती बोलवायला कचरतात.

त्या छोट्या दवाखान्याबद्दल मुद्दाम सांगते. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पायाला स्प्लिंट बांधलं आणि स्पष्ट सांगितलं, “डोक्याचा सिटी स्कॅन हवा, मांडीचं ऑपरेशन लागणार. माझ्याकडे दोन्ही होत नाही, पुण्याला न्या.” मग पावती-पुस्तकावर हाताने एकेक ओळ लिहिली. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, स्प्लिंट, तपासणी फी, एकूण ३,८०० रुपये. त्या रात्री आम्हाला कळला असा तेवढाच एक हिशेब.

१०८ ची गाडी तोवर दुसऱ्या कॉलला गेली होती, म्हणून खासगी रुग्णवाहिका बोलावली. ड्रायव्हरने “आठ हजार होतील” म्हणून सांगितलं, पावती दिली नाही. कोविडच्या काळात परिवहन प्राधिकरणांनी रुग्णवाहिकांचे दर ठरवून ते गाडीत लावायला सांगितले होते. या गाडीत तसा कागद नव्हता. मध्यरात्री रस्त्याच्या कडेला उभं राहून कोण दर विचारणार? चुलतभावाने पैसे मोजले आणि गाडी निघाली. मी पुण्यातच राहते, मी थेट रुग्णालयात पोहोचले.

तिथल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. पैशांची वाट न बघता त्यांनी त्याला आत घेतलं. दाब, ऑक्सिजन, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा सिटी, एक्स-रे, रक्तगट, सगळं भराभर झालं. ते तसंच व्हायला हवं आणि कायदाही तेच सांगतो. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतही तातडीच्या रुग्णाला पैशांसाठी अडवून न ठेवता प्राण वाचवणारे उपचार द्यावेत असं आहे.

पहाटे तीनच्या सुमारास आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, बाहेर येऊन म्हणाले, “मेंदूत रक्तस्राव नाही. पेशंट स्टेबल आहे. आयसीयूत ठेवतो. मांडीत रॉड टाकावा लागेल, ते उद्या. तुम्ही अॅडमिशनचं करून घ्या.”

माझ्या मते सगळा मुद्दा या वाक्यात आहे. तोपर्यंत जे झालं ती तातडी होती आणि तिचा दर आधी विचारणंही शक्य नव्हतं. ती तिथे संपली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ठरलं. म्हणजे मध्ये अर्धा दिवस होता, हाड कोणतं मोडलंय ते माहीत होतं, काय बसवायचं ते माहीत होतं, सर्जन ठरले होते. तरी खर्च विचारला की उत्तर एकच, “इमर्जन्सी केस आहे, आत्ता सांगता येणार नाही.” तातडी तासा-दोन तासांची असते. बिलाला मात्र तीच सबब शेवटच्या दिवसापर्यंत चालते.

अॅडमिशन काउंटरवर फॉर्म पुढे आला. त्यात खोलीचे चौकोन होते, जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. “जनरल फुल आहे, ट्विन देऊ?” माझी भावजय रडत होती, आप्पा खुर्चीत डोकं धरून बसले होते, मी हो म्हटलं. दुसरा पर्यायच नव्हता. पण त्या चौकोनावर टिक केल्याने नक्की काय बदलतं हे तिथे कुणी सांगितलं नाही. मला वाटलं फक्त खोलीचं भाडं बदलतं, रोजचे ४,५००. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचा म्हणजे ऑपरेशन थिएटरचा आकार, डॉक्टरांची रोजची व्हिजिट, सगळं खोलीच्या वर्गावर चढतं. टेबल तेच, हात तेच, रॉड तोच, आणि खोली वरची असली की ऑपरेशन महाग. ऑपरेशनच्या वेळी माणूस त्या खोलीत नसतोच. आमचा भाऊ तर तेव्हा आयसीयूत होता. ही पद्धत मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण निदान फॉर्मवर चौकोनाच्या खाली दोन ओळींत ती लिहायला काय हरकत आहे?

२०२१ च्या त्याच नियमांनी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय, १५ सेवांचं. तसं तिथे होतं. लिफ्टशेजारी, फ्रेममध्ये, बारीक अक्षरात. मी फोटो काढला. ओटीचा आकार “६,००० ते २२,०००”. भूलतज्ज्ञ “ओटी व सर्जन शुल्कानुसार”. नियम पाळला गेला होता, पण तो कागद वाचून मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनला किती लागतील हे कुणालाही सांगता आलं नसतं. सेवांचे सुटे दर आणि एका रुग्णाचा खर्च यांत वाणसामानाची यादी आणि लग्नाचं जेवण यांच्याइतकं अंतर असतं.

सकाळी हाडांचे सर्जन भेटले. चांगले, शांत गृहस्थ. एक्स-रे लावून त्यांनी नीट समजावलं, की हे हाड लवकर, शक्यतो चोवीस तासांत बसवलेलं बरं, नाहीतर हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसाला धोका होऊ शकतो. खर्चाचं विचारल्यावर म्हणाले, “माझी फी मी सांगू शकतो, बाकी बिलिंगला विचारा.” बिलिंगची मुलगी म्हणाली, “मॅडम, सर किती वेळ घेतात आणि कोणतं इम्प्लांट वापरतात त्यावर आहे. साधारण दीड ते दोन धरून चला.” दीड ते दोन लाख. तोंडी.

पोलिसांकडून हवालदार जबाबाला आले होते, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, झाली होती म्हणून. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, “ताई, हे हॉस्पिटल योजनेत आहे का? अपघाताला सरकारी पैसे मिळतात आता.” मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ‘गोल्डन अवर’मधल्या, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासातल्या, कॅशलेस उपचारांची तरतूद झाली होती. ती बरीच वर्षं कागदावर राहिली. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मुदत घालून दिली आणि त्यानंतर मे महिन्यात योजना अधिसूचित झाली. रस्ता अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. पण ते नेमलेल्या रुग्णालयातच. बाकीच्या ठिकाणी फक्त रुग्ण स्थिर होईपर्यंत. आपल्या राज्याचीही सोय आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली झाली आणि रस्ते अपघातासाठीची मर्यादा ३० हजारांवरून १ लाखावर गेली, उपचारांची संख्या ७४ वरून १८४ वर. त्यासाठीही रुग्णालय योजनेच्या यादीत लागतं.

हेल्पडेस्कवर विचारलं तर “आमच्याकडे योजना नाही.” बरं, नाही तर नाही. पण पहाटे तीन वाजता, तो स्थिर झाल्यावर, हे वाक्य स्वतःहून कुणी म्हटलं असतं तर? “आमच्याकडे योजना नाही, आमच्याकडे साधारण इतके लागतील, यादीतल्या रुग्णालयात न्यायचं असेल तर रुग्ण हलवण्याजोगा आहे किंवा नाही.” एवढ्या तीन गोष्टी. कदाचित आम्ही तिथेच थांबलो असतो. सर्जन ओळखीचे झाले होते, पुन्हा गाडीत घालून हेलपाटत न्यायची आप्पांची तयारी नव्हती, आणि सकाळपर्यंत तर वेळेचाही प्रश्न झाला. पण ते आम्ही ठरवलं असतं. खर्च कळतो तेव्हा निवड संपलेली असते, हे या सगळ्यातलं सर्वांत वाईट. गावाकडचा एखादा शेतमजूर अशा वेळी बायकोच्या अंगावरचं मोडून पैसे उभे करतो आणि जवळच्याच सरकारी रुग्णालयात किंवा योजनेच्या रुग्णालयात तोच रॉड तोच इलाज मिळाला असता हे त्याला महिन्याने कळतं.

भावाला कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, ३ लाखांचा. दुपारी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवर मी कार्ड आणि आधार घेऊन गेले. तिथल्या मुलाने फॉर्म काढला, तो भरायला घेतला आणि मी काचेपलीकडून उलट्या अक्षरांत वाचत राहिले. त्या फॉर्मचा एक भाग रुग्णालयाने भरायचा असतो. खोलीचं भाडं रोजचं किती, आयसीयू किती, तपासण्यांचा अपेक्षित खर्च, ओटी, सर्जन आणि भूलतज्ज्ञाची फी, औषधं-साहित्य-इम्प्लांट, आणि शेवटी एकूण अपेक्षित खर्च. प्रत्येक ओळीसमोर चौकोन. त्याने संगणकावरच्या दरपत्रकातून बघून एकेक आकडा भरला, अडखळलासुद्धा नाही. तळाला २,८५,०००.

मी विचारलं, “हा आकडा आम्हाला का नाही दिला?”

“हा इन्शुरन्सला लागतो, मॅडम.”

“आणि ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही, त्याला?”

“त्यांना काउंटरवर सांगतात ना अंदाजे.”

तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला यात काही चुकीचं आहे असं वाटतच नव्हतं. विमा कंपनी लेखी आकड्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून तिला लेखी मिळतो, आणि त्याच तारखेला, त्याच इमारतीत, त्याच ऑपरेशनसाठी आम्हाला “दीड ते दोन”. तेव्हापासून “इमर्जन्सीत सांगता येत नाही” हे वाक्य मी मानत नाही. सांगता येतं. पैसे देणारा जोरदार असला की सांगतात.

त्या फॉर्मची प्रत मागितली. आधी नको-नको झालं, मग सुपरवायझरने दिली. नंतरच्या प्रत्येक बोलण्यात माझ्या हातात तोच एक कागद होता. विमा असो वा नसो, माझं सगळ्यांना सांगणं आहे, की रुग्ण स्थिर झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की याच चौकोनांप्रमाणे एस्टिमेट लिहून मागा. “अंदाज” म्हणून लिहा म्हणावं, त्याच्या वर-खाली किती जाऊ शकतं तेही लिहा म्हणावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात दर कळण्याचा आणि तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांतही रुग्णहक्कांची सनद जोडलेली आहे. हक्काची भाषा काउंटरवर रागाने वापरायची गरज पडत नाही. “लेखी लागेल, घरच्यांना पैसे जमवायचेत” एवढं म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं.

ऑपरेशन चारला होतं, पण ओटी रिकामं झालं नाही. भावाला आत नेलं तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. व्यवस्थित झालं. पुढचे दिवस त्याला वेदनांत बघण्यात, भावजयीला धीर देण्यात आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करण्यात गेले. रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये पाटी होती, की औषधं इथूनच घेण्याची सक्ती नाही. वॉर्डात मात्र सिस्टर सांगायची, “बाहेरचं चालत नाही, बॅच नंबर लागतो.” हातमोजे, आयव्ही सेट, थ्री-वे, सिरिंजा यांच्या चिठ्ठ्यांची चळत झाली. केंद्राच्या औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती, तेव्हा काही साहित्यावरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचं दिसलं होतं. सगळं एमआरपीच्या आत, म्हणजे कायदा न मोडता. एमआरपीच एवढी छापून घेतलेली असते.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी तात्पुरतं बिल हातात आलं. तीन पानं. मी तपशीलवार मागितलं, तेव्हा बत्तीस पानं आली. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी ती पेन्सिलने टिक करत गेले.

सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून १,२०,०००. त्याखाली वेगळी ओळ, “इमर्जन्सी चार्जेस २५ टक्के, ३०,०००”. रुग्णालयाच्या दरपत्रकात रात्री आठ ते सकाळी आठ आणि रविवारी होणाऱ्या ऑपरेशनवर हा अधिभार होता. डॉक्टरांना अपरात्री घरून बोलवावं लागतं, त्यांची झोपमोड होते, तिथे असा आकार समजू शकते. पण आमचं ऑपरेशन त्याच दिवशी पहाटे ठरलं होतं, वेळ दुपारची दिली होती आणि उशीर झाला तो ओटी मोकळं नसल्यामुळे.

दुसरी ओळ इम्प्लांटची. रॉड ३८,५००, लॉकिंग स्क्रू सहा, प्रत्येकी ३,२००. माझ्याकडे ऑपरेशननंतरचा एक्स-रे होता. मी तो मोबाईलच्या उजेडावर धरला. मांडीत लांब पांढरा रॉड, वरच्या टोकाला दोन स्क्रू, गुडघ्याजवळ दोन. पुन्हा मोजले. चारच.

सकाळी सर्जनना दाखवलं. ते लगेच म्हणाले, “चारच आहेत. एक मापात बसला नाही म्हणून बदलला होता, पाचवा तो. सहावा मला आठवत नाही.” मग त्यांनीच समजावलं. हाडांच्या ऑपरेशनला इम्प्लांटचा डीलर अख्खा ट्रे आणून देतो, वेगवेगळ्या लांबीचे रॉड, स्क्रू, हत्यारं. सगळं निर्जंतुक करून आत जातं, लागेल ते वापरतात आणि उरलेलं परत. वापरलं काय याची नोंद ओटीतली सिस्टर करते, त्यावरून डीलर बिल पाठवतो आणि रुग्णालय आपलं बिल करतं. स्टेंट बंद पाकिटात येतो, त्यावर स्टिकर असतं, ते फाईलला चिकटवतात. ट्रेमधल्या सुट्या स्क्रूला पुष्कळदा स्टिकरच नसतं. हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत केंद्राने २०१७ साली बांधून दिली. अपघातात लागणाऱ्या रॉड-प्लेट-स्क्रूंना तशी कमाल किंमत नाही, फक्त वर्षाला एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढं बंधन. ज्याला निवडायला सवड आहे त्याच्या वस्तूची किंमत बांधलेली आणि जो रस्त्यावरून उचलून आणलाय त्याच्या वस्तूची मोकळी. हे उलटं आहे आणि ते बदललं पाहिजे. रुग्णालयाला डीलरने किती किमतीला दिलं हे विचारलं, ते मात्र “आमचं अंतर्गत आहे” म्हणून सांगितलं नाही.

मी दोन मुद्द्यांचा साधा अर्ज लिहिला, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, मराठीत, एका पानाचा. ओटीच्या यादीत केस किती वाजता लावली होती ते बघावं, आणि ओटीच्या नोंदीत स्क्रू किती आहेत ते बघावं. आवाज चढवला नाही. पोच घेतली. दुपारपर्यंत अधीक्षकांनी बोलावलं. यादीत चारची वेळ होती, नोंदीत पाच स्क्रू होते. अधिभाराचे ३०,००० आणि एका स्क्रूचे ३,२०० वजा झाले. बिल ३,५७,५०० वर आलं. बदललेल्या स्क्रूचे पैसे रुग्णाने का द्यावेत यावर आमचं एकमत झालं नाही, ते मी सोडून दिलं.

जिथे नोंद होती तिथे प्रश्न सुटला आणि जिथे नव्हती तिथे अडला, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. ७४,००० ची औषधं आणि साहित्य खरंच वापरलं का, हे बत्तीस पानं वाचूनही मला ठरवता आलं नाही. आयसीयूत एका रात्रीत हातमोज्यांच्या चाळीस जोड्या लागतात की नाही, हे बाकावर बसून कोण सांगणार?

मग विम्याचं. पॉलिसीत खोलीची मर्यादा रोजची विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,०००. आमची खोली ४,५०० ची. टीपीएने ज्या प्रमाणात खोली महाग, त्या प्रमाणात सगळ्यालाच कात्री लावली. १,२०,००० चे ८०,००० मंजूर. जनरल वॉर्ड भरलेला होता म्हणून घेतलेल्या खोलीपायी ऑपरेशनचेच ४०,००० अंगावर आले. पण त्यांनी तीच कात्री इम्प्लांटला आणि तपासण्यांनाही लावली होती. विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय, की औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना अशी प्रमाणशीर कपात लावायची नाही, आयसीयूच्या आकारालाही नाही. तसंच, जे रुग्णालय खोलीनुसार फी बदलत नाही तिथे ती लावायचीच नाही. मी हे दोन ओळींत ईमेलने कळवलं आणि तो भाग त्यांनी दुरुस्त करून दिला. डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांहून जास्त वेळ लावायचा नाही असा २०२४ पासूनचा नियम आहे, तोही त्याच ईमेलमध्ये घातला. शेवटी आमच्या खिशातून सत्तर हजारांच्या आसपास गेले, छोटा दवाखाना आणि गाडी वेगळी.

रुग्णालयवाल्यांची बाजू मी ऐकून घेतली. अधीक्षक म्हणाले, “ट्रॉमात काय निघेल सांगता येत नाही. कमी सांगितलं आणि जास्त झालं तर नातेवाईक तोडफोड करतात.” भीती खोटी नाही, तसे प्रकार घडतात. पण लोक भडकतात ते बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी अचानक आकडा समोर आला म्हणून. रोज संध्याकाळी चालू बिलाचा एक कागद मिळाला आणि एस्टिमेटच्या पुढे जायची वेळ आली की आधी सांगितलं, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. आणि दर ठरवता येत नाहीत म्हणावं तर २०२० च्या मे महिन्यात याच राज्याने कोविडच्या रुग्णांसाठी दिवसाचे ४,०००, ७,५०० आणि ९,००० असे दर बांधले होते, अनुक्रमे वॉर्ड, आयसीयू आणि व्हेंटिलेटरसाठी. जास्तीची बिलं लेखापरीक्षकांनी तपासून कमीही करायला लावली. मांडीचं हाड मोडणं तर कोविडपेक्षा कितीतरी जुनं आणि ओळखीचं दुखणं. त्याच्या रॉडचं, जनरल वॉर्डातलं, गुंतागुंत नसलेलं पॅकेज प्रत्येक रुग्णालयाला लिहून लावता येईल. सरकारी योजनेसाठी ते तसं ठरलेलं असतंच.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल थोडक्यात, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. रुग्णालय ट्रस्टचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यावं लागतं. पाटीवर ‘ट्रस्ट’ किंवा ‘फाउंडेशन’ दिसलं की समाजसेवकाचं टेबल कुठे आहे ते विचारावं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा.

भाऊ आता काठीशिवाय चालतो, कंपनीतही जायला लागलाय. थंडीत मांडी ठणकते म्हणतो. सर्जन म्हणाले, त्रास होत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर दीड-दोन वर्षांनी रॉड काढता येईल, नाहीतर राहू द्या. त्याला काढायचाय. या खेपेला घाई नाही, म्हणून मी आत्तापासूनच चौकशी सुरू केली आहे. विम्याच्या फॉर्ममधले तेच चौकोन एका कागदावर उतरवले आणि त्याच्या प्रती काढून तीन रुग्णालयांत दिल्या, “जनरल वॉर्ड, रॉड काढणे, एवढं भरून द्या.” एकाने “आधी दाखल व्हा, मग बघू” म्हटलं. दोघांनी सही-शिक्क्यानिशी भरून दिलं. त्या दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. स्वस्त आहे त्या रुग्णालयात सर्जन कोण आणि भूल कोण देणार, ते विचारायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.